वास्तववादी चित्रपट आणि खर्चीवाल्याचा हिशेब

वास्तववादी चित्रपट चालत नाहीत, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. निर्माता ते म्हणतो, वितरक म्हणतो, चित्रपटगृहाचा चालक म्हणतो आणि दिवसभराच्या कामाने थकलेला प्रेक्षकही त्यावर मान डोलावतो. गरिबी, कर्ज, जात, बेकारी हे सारे माणूस घरी भोगतच असतो. तेच पाहण्यासाठी तो पुन्हा तिकिटाचे पैसे कशाला मोजील, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु कोणत्याही मालाला मागणी नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. तो माल बाजारात किती दिवस, किती दुकानांत आणि कोणत्या अटींवर ठेवला गेला होता? हा प्रश्न विचारला की वास्तववादी चित्रपटाच्या अपयशाची कहाणी निराळी दिसू लागते. तिच्यात रुचीचा भाग कमी आणि व्यापाराच्या रचनेचा भाग अधिक आहे, असे आढळून येते. आणि ही रचना यंत्रमागावर पोट भरणाऱ्या इचलकरंजीला अपरिचित नाही.

कोल्हापूरचा पहिला प्रयोग

या विषयाचा प्रारंभ आपल्याला दूर कोठे जाऊन शोधावा लागत नाही. इचलकरंजीपासून जेमतेम तीस किलोमीटरवर, कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कपटामुळे जमीन गमावलेला एक शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो, एवढीच ती गोष्ट. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया यांनी पडदा व्यापलेला असताना एका कलावंताने झोपडी, कर्जाचा कागद आणि गिरणीचे दार यांवर कॅमेरा रोखावा, ही गोष्ट विलक्षण होती. इटलीतील नववास्तववादाचे उदाहरण म्हणून ज्याचे नाव नेहमी घेतले जाते तो 'बायसिकल थीव्हज्' प्रकाशात येण्यास तेव्हा अजून तेवीस वर्षे अवकाश होता.

जाणकारांनी 'सावकारी पाश'ची वाखाणणी केली, परंतु तिकीटखिडकीवर त्याला यश आले नाही. पेंटर पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. 'लोकांना वास्तव नको असते' या सिद्धान्ताला हा पहिला मोठा दाखला म्हणून सांगितला जातो. परंतु या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही.

पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. या संस्थेने १९३७ साली 'कुंकू' काढला. त्याची कथाही नारायण हरी आपटे यांच्याच कादंबरीवर आधारलेली होती, आणि 'सावकारी पाश'मधील तरुण शेतकरी शांताराम आता दिग्दर्शकाच्या जागी होते. एका तरुण मुलीचे वृद्ध विधुराशी लावून दिलेले लग्न आणि तिने त्या संसाराला दिलेला ठाम नकार हा विषय काही मनोरंजनाच्या दृष्टीने गोड म्हणता येणार नाही. तरीही 'कुंकू' चालला. पाठोपाठ १९३९ मध्ये एका पोलीस शिपायाची आणि वेश्येची कहाणी सांगणारा 'माणूस' आला, त्याचेही लोकांनी स्वागत केले.

लेखक तोच, प्रेक्षकही बव्हंशी त्याच प्रदेशातला. मग बारा वर्षांत काय बदलले? चित्रपट बोलू लागला, हे एक कारण निःसंशय आहे. समाजसुधारणेच्या चळवळींनी मनाची मशागत केली होती, हे दुसरे. परंतु तिसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. 'प्रभात'जवळ स्वतःचे चित्रपटनिर्मितीगृह होते, पगारी कलावंत व तंत्रज्ञ होते, 'संत तुकाराम'सारख्या (१९३६) चित्रपटाने मिळवून दिलेले भांडवल व पत होती, आणि पुण्यात स्वतः चालविलेले चित्रगृह होते. चित्रपट किती दिवस पडद्यावर ठेवायचा, हे ठरविण्याची काही ताकद निर्मात्याच्या हाती होती. धार्मिक चित्रपटाचा नफा सामाजिक चित्रपटाची जोखीम सोसू शकत होता. महायुद्धानंतर ही कंपनीपद्धती मोडली आणि स्वतंत्र निर्माता उदयास आला. त्याला विषयाचे स्वातंत्र्य मिळाले. बाजारपेठेवरचा ताबा मात्र गेला.

खर्चीवाला निर्माता

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. त्या घटनेला आता शतकाहून अधिक काळ लोटला. या काळात माग वाढले, गाव वाढले, २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. परंतु आपल्या गावातील फार मोठा वर्ग आजही 'खर्चीवाला' याच नावाने ओळखला जातो. खर्चीवाल्याजवळ माग स्वतःचा असतो. जागा, वीजबिल, दुरुस्ती, कामगाराची मजुरी आणि बँकेचा हप्ता हेही त्याचेच असतात. सूत मात्र व्यापाऱ्याचे, तयार कापड व्यापाऱ्याचे, आणि त्याला मिळते ती पिकाच्या हिशेबाने मजुरी. कापडाचा भाव चढला तर त्याचा लाभ वर जातो. बाजार पडला की मजुरीला कात्री लागते. मालमत्ता त्याची, पण बाजार दुसऱ्याचा, अशी ही अवस्था आहे.

सामाजिक आशयाचा चित्रपट काढणारा स्वतंत्र निर्माता हा चित्रव्यवसायातला खर्चीवाला होय. कथा त्याची, कर्ज त्याचे, दोन-तीन वर्षांचे श्रम त्याचे. पडदे, वेळा आणि वाटणीच्या अटी मात्र इतरांच्या. या अटी कशा असतात, हे एका करारावरून स्पष्ट होते. २००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि बहुपडदा चित्रपटगृहांचे मालक यांच्यात मोठा वाद झाला, दोन महिने नवे मोठे चित्रपट प्रदर्शित झाले नाहीत, आणि शेवटी तडजोड झाली. तीनुसार कर वजा जाता उरलेल्या उत्पन्नात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यानंतर ३० टक्के असा ठरला. उतरत्या भाजणीची हीच रीत पुढे रूढ झाली.

ज्या चित्रपटाची जाहिरात कोट्यवधी रुपयांची आहे आणि ज्याची सारी गर्दी पहिल्या तीन दिवसांत लोटते, त्याच्या दृष्टीने ही भाजणी सोयीची आहे. उलट लहान चित्रपटाची खरी जाहिरात म्हणजे तो पाहून आलेल्या माणसाचे तोंड. शाळेच्या शिक्षकखोलीत, कचेरीतील चहाच्या वेळी, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर कोणी तरी म्हणते की 'अमुक चित्रपट बघाच', आणि मग पुढच्या रविवारी दोन कुटुंबे निघतात. या प्रक्रियेला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत निर्मात्याचा वाटा घटलेला असतो, आणि बहुधा चित्रपटच सकाळच्या खेळाला ढकललेला किंवा उतरविलेला असतो. पगारदार माणूस कचेरीत आणि विद्यार्थी वर्गात असताना दाखविला जाणारा खेळ रिकामा जातो आणि मग तोच रिकामा खेळ 'मागणी नाही' याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. त्याखेरीज डिजिटल प्रक्षेपणासाठी निर्मात्याकडून पडद्यामागे ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत रुजली. मोठ्या चित्रपटाला ते जाणवत नाही. लहान चित्रपटाला आठवड्याचा गल्लाच त्यात संपतो की काय अशी धास्ती असते.

प्रेक्षक खरोखरच किती लागतात, याचा एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एका चित्रपटाला निर्मिती व प्रसिद्धी मिळून तीन कोटी रुपये खर्च आला आणि तिकीट शंभर रुपये ठेवले. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. कर वजा जाता सुमारे ९५ रुपये उरतील. त्यातून चित्रपटगृहाचा व वितरकाचा भाग गेल्यावर निर्मात्याच्या हाती ४० रुपये आले असे धरू. तीन कोटी भरून येण्यासाठी साडेसात लाख तिकिटे खपावी लागतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. म्हणजे शंभरांतील एका माणसानेही तो चित्रपट पाहण्याची आवश्यकता नाही. एकशे दहांत एकाने पाहिला तरी निर्माता कर्जमुक्त होतो. एवढे प्रेक्षक महाराष्ट्रात नाहीत, असे कोण म्हणेल? ते आहेत, परंतु विखुरलेले आहेत. त्यांच्यापर्यंत चित्रपट पोचण्याचा मार्ग नाही, ही खरी अडचण आहे.

मार्गाचे हे महत्त्व लोकप्रिय चित्रपटांनाही चुकलेले नाही. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला १९७१ साली दादरमध्ये चित्रपटगृह मिळविण्यासाठी राजकीय ताकद पाठीशी उभी करावी लागली होती. एकदा पडदा मिळाल्यावर काय घडले, हे सर्वश्रुत आहे. कोंडक्यांच्या मागे आंदोलन उभे राहू शकले. सावकारीवर, जातीवर किंवा बेकारीवर चित्रपट काढणाऱ्याच्या मागे कोण उभे राहणार?

ब्रिटनमधील अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नाही. कामगारांच्या जीवनावरील चित्रपटांची सलग परंपरा ज्या देशात दिसते त्या ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. टोनी रिचर्डसन आणि नाटककार जॉन ऑस्बर्न यांनी १९५८ साली 'वुडफॉल' ही स्वतंत्र संस्था काढली. १९६० मध्ये या संस्थेने नॉटिंगहॅममधील कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या एका बंडखोर तरुणाची कथा 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' या चित्रपटात मांडली. मूळ कादंबरीचा लेखक ॲलन सिलिटो हा स्वतः त्या गावच्या सायकल कारखान्यात राबलेला होता. थोड्या खर्चात झालेला हा चित्रपट उत्तम चालला. कामगाराला स्वतःचे जीवन पडद्यावर पाहणे नकोसे वाटते, हा समज त्याने खोटा ठरविला.

त्यानंतर याच वर्तुळातून १९६९ चा 'केस' आला. बार्न्सली या कोळशाच्या खाणींच्या गावातील एका उपेक्षित मुलाची आणि त्याने पाळलेल्या ससाण्याची ही कथा केन लोच यांनी दिग्दर्शित केली. पैसा अमेरिकन कंपनीने दिला, तोही रिचर्डसन यांच्या 'टॉम जोन्स' या पोशाखी चित्रपटाने (१९६३) अमाप नफा मिळवून दिला होता म्हणून. चित्रपट तयार झाल्यावर मात्र त्यातील बोलीचा ठसका वितरकांना अडचणीचा वाटला आणि आरंभी तो यॉर्कशरमधील मोजक्या चित्रपटगृहांतच दाखविला गेला. तेथील लोकांनी तो उचलून धरला, तेव्हा कोठे त्याला पुढची दारे उघडली. आज ब्रिटनमधील सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्यांत 'केस'चे नाव अग्रभागी असते. आपली बोली बोलणारे प्रेक्षक आधी गाठावेत आणि तेथून वर्तुळ वाढवीत न्यावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

साठोत्तरीच्या अखेरीस अमेरिकन भांडवलाने ब्रिटनमधून पाय काढता घेतला आणि अशा चित्रपटांवर अवकळा आली. त्यातून मार्ग निघाला तो दूरचित्रवाणीमुळे. १९८२ मध्ये 'चॅनेल फोर' ही वाहिनी सुरू झाली, आणि जनहिताची जबाबदारी कायद्याने पत्करलेल्या या वाहिनीने चित्रपटांना पैसा पुरविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे तिकीटखिडकीवर जीव टांगून न ठेवता चित्रपट काढणे शक्य झाले. यश आले तर ते केवढे येऊ शकते, हे १९९७ च्या 'द फुल माँटी'ने दाखविले. शेफिल्डमधील पोलादकारखाने बंद पडल्यावर बेकार झालेल्या कामगारांची ही हसवीत चटका लावणारी गोष्ट सुमारे ३५ लाख डॉलरमध्ये तयार झाली आणि जगभरात तिने २५ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमविला. मात्र भांडवल आणि वितरण अमेरिकन कंपनीचे असल्याने नफ्याचा ओघही तिकडेच गेला. शेफिल्डच्या बेकारीतून पैसा निर्माण झाला, पण तो शेफिल्डला आला नाही. खर्चीवाल्याचा हिशेब तेथेही सुटलेला नाही.

'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) हे अलीकडचे उदाहरण. हृदयविकारामुळे काम करू न शकणारा न्यूकॅसलचा एक सुतार सरकारी मदतीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितो, असा त्याचा विषय. कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि एकट्या ब्रिटनमध्ये त्याने तीस लाख पौंडांहून अधिक उत्पन्न मिळविले. भव्य चित्रपटांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे, परंतु माफक खर्चाच्या चित्रपटाला ती पुरेशी आधार देणारी ठरते. वास्तववादी चित्रपटाचे यश मोजण्याचे माप निराळे असले पाहिजे. 'गल्ला किती' यापेक्षा 'खर्च भरून निघून पुढचा चित्रपट काढता आला काय' हा प्रश्न येथे अधिक मोलाचा आहे.

सरकारी मदतीची दिशा

आपल्याकडेही शासन स्वस्थ बसले होते असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले. १९८० मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. या संस्थांच्या कर्जांतून भारतीय चित्रपटाला नवी दृष्टी देणाऱ्या अनेक कलाकृती निर्माण झाल्या. परंतु कर्ज मिळत होते ते चित्रपट काढण्यासाठी. दाखविण्यासाठी पुरेशी चित्रपटगृहे उभी राहिली नाहीत. परिणामी कितीतरी चित्रपट पारितोषिके घेऊन डब्यात राहिले. सूतगिरणीला भांडवल द्यावे आणि कापडपेठेचा रस्ता बांधू नये, असाच हा प्रकार झाला.

महाराष्ट्र शासनाने १९७५ पासून मराठी चित्रपटांना करमणूक कराचा परतावा देण्याची योजना आणली. तिने मराठी चित्रपटसृष्टीला जीवदान दिले, हे मान्य केले पाहिजे. तथापि परतावा हा भरलेल्या कराच्या प्रमाणात असल्यामुळे ज्याचा गल्ला मोठा त्यालाच मदतही मोठी मिळे. पुढे दर्जावर आधारित अनुदान आले. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख रुपये अशी रक्कम ठरविण्यात आली. हा बदल योग्य दिशेचा होता. परंतु अनुदानही निर्मात्याच्या खर्चाची भरपाई करते, प्रेक्षकाची गाठ घालून देत नाही. अनुदानासाठी काढलेला आणि कोणी न पाहिलेला चित्रपट ही त्या पद्धतीची अटळ निपज आहे. २०१५ मध्ये मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीची वेळ देण्याचा आग्रह शासनाने धरला, तेव्हा केवढा गदारोळ उठला हे वाचकांना आठवत असेल. त्या गदारोळावरून दुखणे नेमके कोठे आहे, हे मात्र स्पष्ट झाले.

या साऱ्या अडचणींतूनही मराठीत जे निर्माण झाले ते अभिमानास्पद आहे. चित्रकला शिक्षक म्हणून काम केलेल्या रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला, विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत पोचला. सहकारी साखर कारखानदारीतील सत्तेवर इतके निर्भीड भाष्य क्वचितच झाले असेल. संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) सुमारे साठ लाख रुपयांत तयार झाला. 'श्यामची आई'नंतर अर्धशतकाने मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याने मिळवून दिले, आणि त्याला ऑस्करसाठी पाठविताना सामान्य लोकांनी वर्गण्या दिल्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पारितोषिके मिळाली. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातील सर्वोच्च पारितोषिक पटकाविले. व्हेनिस आणि सनडान्सपर्यंत पोचणारा चित्रपट जत, गडहिंग्लज किंवा इचलकरंजीच्या प्रेक्षकापर्यंत सुखरूप पोचत नाही, ही मात्र खेदाची गोष्ट आहे.

'सैराट'चा आक्षेप

येथे कोणी म्हणेल की 'सैराट'चे काय? नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ मध्ये आला, सुमारे चार कोटी रुपये खर्चाचा होता, आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. म्हणजे चांगला चित्रपट असला की बाजार आपोआप दाद देतो. मग अडचण कोठे आहे?

हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. 'सैराट'चा शेवट अत्यंत निष्ठुर होता, तरीही लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. जातीच्या प्रश्नावरील चित्रपट लोक पाहत नाहीत, हे म्हणणे त्या दिवशी निकालात निघाले. त्याच्या यशात संगीताचा वाटा मोठा होता, हेही खरे. वास्तववादी दिग्दर्शकांनी त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रेक्षकाला कंटाळा आणणे म्हणजे गांभीर्य, हा गैरसमज आपल्याकडे काही मंडळींनी जोपासला आणि त्याची किंमत साऱ्या चळवळीला मोजावी लागली. परंतु 'सैराट'च्या पाठीशी एका मोठ्या माध्यमसमूहाचे वितरण आणि प्रसिद्धी होती, हे विसरून चालणार नाही. पहिल्या दिवशीच पुरेसे पडदे मिळाल्यामुळे गर्दी दिसली, गर्दी दिसल्यामुळे खेळ वाढले. म्हणजे मार्ग मिळाला तर मागणी आहे, हेच त्याने सिद्ध केले. शिवाय एका वर्षी एका गावात ऊस विक्रमी आला म्हणून सर्व शेतकऱ्यांचा पाण्याचा प्रश्न सुटला, असे आपण मानत नाही.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. आता चित्रपट घरबसल्या दिसतो, मग चित्रपटगृहाची चर्चा कशाला? परंतु तेथेही खरेदीदार थोडे आणि विक्रेते अनेक, अशीच बाजाराची रचना आहे. चित्रपटगृहात नाव न झालेल्या लहान चित्रपटाचा भाव तेथे खरेदीदारच ठरवितो. सूत बदलले, व्यापारी बदलला; मजुरी ठरविण्याची रीत बदलली नाही.

दोन रुपयांची पुंजी

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग आपल्याच प्रदेशाच्या स्वभावात आहे. तो सहकाराचा. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी 'मंथन' काढला. गुजरातमधील दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवरचा हा चित्रपट. त्याच्या पटकथेत तेंडुलकरांचा हात होता आणि स्मिता पाटील यांची भूमिका आजही लोकांच्या लक्षात आहे. त्याचे भांडवल पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारले. तो प्रदर्शित झाला तेव्हा हेच शेतकरी गावोगावहून ट्रक भरभरून तो पाहावयास आले. भांडवलदार आणि प्रेक्षक एकच होता! म्हणून प्रेक्षक शोधण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याची नूतनीकृत प्रत दाखविण्यात आली, म्हणजे दोन रुपयांची ती पुंजी अठ्ठेचाळीस वर्षे टिकली.

सूतगिरण्या, साखर कारखाने, बँका आणि पतसंस्था सहकारावर उभ्या करणाऱ्या या परिसराला चित्रपट पाहण्याची सहकारी संस्था अवघड का वाटावी? समजा, इचलकरंजीत एक हजार सभासदांनी दरमहा पन्नास रुपये दिले. त्या बदल्यात महिन्याला एक चित्रपट श्रीमंत घोरपडे नाट्यगृहासारख्या सार्वजनिक सभागृहात, परवान्याच्या अटी पूर्ण करून, सुटीच्या दिवशी सायंकाळी दाखवावयाचा. महिन्याला पन्नास हजार रुपये जमतील. त्यातून वीस हजार सभागृह आणि प्रक्षेपण यांवर खर्च केले तरी तीस हजार निर्मात्याला देता येतील. एका गावापुरती ही रक्कम क्षुल्लक आहे. पण राज्यात नगरपालिका आणि महानगरपालिका शंभराहून कितीतरी अधिक आहेत. शंभर गावांनी हेच केले तर एका चित्रपटाला तीस लाख रुपये मिळतात, म्हणजे 'ब' दर्जाच्या अनुदानाएवढे. आणि हे अनुदान रिकाम्या खुर्च्यांना नव्हे तर एक लाख प्रेक्षकांच्या उपस्थितीला दिलेले असेल.

यात शासनाने करावयाचे कामही आहे. अनुदानाचा एक हिस्सा प्रदर्शनाला जोडावा; किमान तीन आठवडे सायंकाळचा एक खेळ मिळण्याची हमी लहान मराठी चित्रपटाला द्यावी; नगरपालिकांच्या बंद पडत चाललेल्या सभागृहांत प्रक्षेपणाची सोय करावी. वाटणीची उतरती भाजणी थोड्या खर्चाच्या चित्रपटांपुरती तरी रद्द व्हावी, यासाठी निर्मात्यांच्या संघटनांनी एकमुखाने आग्रह धरला पाहिजे. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. बाजाराला त्याचे काम नीट करता यावे, एवढ्याचसाठी त्या आहेत.

कोणी विचारील की एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर गावातच आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप आणि त्यानंतरची धूळधाण 'लालबाग परळ'मध्ये (२०१०) पडद्यावर आली. मालेगावच्या यंत्रमागावर राबणाऱ्या तरुणांची चित्रपट काढण्याची धडपड 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या अनुबोधपटामुळे जगाने पाहिली. इचलकरंजीतील वहिफणीवाला, सायझिंगचा कामगार, उत्तरेतून आणि कर्नाटकातून येऊन मागावर उभा राहिलेला परका तरुण, आणि माग भंगारात विकण्याच्या विचारात असलेला खर्चीवाला यांच्या गोष्टी अजून सांगावयाच्या आहेत. २०१५ मध्ये किमान वेतनासाठी सायझिंग कामगारांनी दीर्घ संप केला, तेव्हा या गावातील मध्यमवर्गाला त्याची माहिती मुख्यत्वे बंद पडलेल्या मागांवरून आणि वर्तमानपत्रांतील वाटाघाटींच्या बातम्यांवरून झाली. त्या कामगाराच्या घरातील चूल त्या दिवसांत कशी चालली, हे आकडे सांगत नाहीत. चांगला चित्रपट ते सांगू शकतो. शेजारच्या गल्लीतील माणूस आपल्याला ओळखीचा व्हावा, एवढे सामर्थ्य या माध्यमात आहे, आणि नागरी जीवनाला त्याची निकड आहे.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी एका नाडलेल्या शेतकऱ्याला गिरणीच्या दारापर्यंत आणून सोडले. त्या दाराच्या आत पुढे काय घडले, हे सांगणारे कलावंत आज मराठीत आहेत. त्यांचे चित्रपट पाहण्यास पुरेल इतका प्रेक्षकही आहे, हे वरील हिशेबावरून दिसेल. त्या दोहोंची गाठ घालणारी संस्था तेवढी उभी करावयाची आहे. दरमहा पन्नास रुपये ही शिक्षकाला, कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला न झेपणारी रक्कम नव्हे. या गावाने याहून कितीतरी कठीण संस्था याहून कितीतरी गरीब काळात उभ्या केल्या आहेत.